फोटो शार्प येत नाहीत? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो, आणि घरी लॅपटॉपवर उघडला की पक्ष्याचा डोळा म्हणजे नुसता राखाडी ठिपका. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून टेकडीवर, तळ्यावर, किल्ल्यावर जाणाऱ्या नवशिक्यांकडून मी सगळ्यांत जास्त ऐकतो ती तक्रार हीच. आणि तिच्यावरचा ठरलेला उपायही ऐकतो: ‘किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) आहे ना, तिच्याकडून एवढंच होणार. आता नवी घ्यायला हवी.’

घ्या हवी तर, पण पुढच्या आउटिंगलाही फोटो तसेच येण्याची शक्यता भरपूर आहे. फोटो बिघडण्याची कारणं चार-पाच आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ट्रायपॉड लावून फुलपाखरू थांबत नाही, आणि शटर स्पीड वाढवून चुकलेला फोकस जागेवर येत नाही. त्यामुळे आधी निदान. ते बिघडलेल्या फोटोतच लिहिलेलं असतं, म्हणून असे फोटो घाईने डिलीट करू नका.

फोटो १०० टक्क्यांवर उघडा

मागचा पडदा फसवतो, त्याला कारण आहे. साधारण ३ इंचांच्या ‘१०.४ लाख डॉट’ पडद्यावर प्रत्यक्षात साडेतीन लाखांच्या आसपासच पिक्सेल असतात, कारण लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. तेवढं सगळं त्या चिमुकल्या पडद्यात दाबून बसवलं की कुठलाही फोटो शार्पच दिसणार. म्हणून जागेवरच भिंगाचं बटण दाबून फोटो पूर्ण मोठा करून बघायची सवय लावा. प्रत्येक फोटोला नको, जागा किंवा उजेड बदलला की एकदा.

घरी आल्यावर फोटो १०० टक्के मोठा करा आणि सोबत त्याची माहिती उघडा: शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), फोकल लेंग्थ (लेन्स लांबचं किती जवळ आणते, मिलिमीटरमध्ये). ही चार आकड्यांची ओळ कॅमेरा प्रत्येक फोटोत स्वतःहून लिहून ठेवतो. मग चार गोष्टी शोधा.

फ्रेममधलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय का? दवाचे थेंब, पानांवरची चमक, लांबचे दिवे असे बारीक उजळ ठिपके बघा. ते गोल असायच्या ऐवजी छोट्या रेघा किंवा स्वल्पविराम झाले असतील आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर तुमचा हात हललाय.

फांदी शार्प आहे पण पक्ष्याचं डोकं पुसट? झेंडा पुसट पण बुरूज ठीक? मग समोरचं हललंय.

विषय मऊ, म्हणजे किंचित धूसर, पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागचं झाड कडक शार्प? फोकस भलतीकडे बसलाय.

आणि कुठेच काही शार्प नाही, दिशाही नाही, सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा असल्यासारखं? मग काच तपासा. किंवा हवा.

हात हललाय

बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो, आणि तो झाडीत किंवा ढगाळ दिवशी जास्त होतो. कर्नाळ्याला आमच्यासोबत आलेल्या एका काकूंनी ५५-२५० लेन्सने काढलेले सगळे पक्षी असेच ओढलेले आले. ‘अहो, उजेड तर चांगला होता की,’ त्या म्हणाल्या. डोळ्यांना होताच. डोळा अंधाराशी पटकन जुळवून घेतो, त्यामुळे झाडाखाली किती उजेड कमी झाला ते आपल्याला कळतच नाही. माहितीची ओळ उघडली: २५० मिलिमीटर, एफ ५.६, आयएसओ १६००, शटर १/१२५. दाट झाडीतल्या सकाळचा हिशोब साधारण असाच निघतो.

जुना ठोकताळा असा की हातात धरून काढताना शटर स्पीड निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ हवा. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी हा लहान आकाराचा सेन्सर असतो, तिथे त्याला निकॉन-सोनीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचं. म्हणजे २५० मिलिमीटरला १/४०० सेकंद. काकूंच्या १/१२५ पासून तिथे पोचायचं तर आयएसओ ५००० च्या घरात न्यावा लागतो, कारण ॲपर्चर आधीच पूर्ण उघडं आहे आणि सूर्य काही आपल्या हातात नाही.

इथे लोक अडखळतात. ‘आयएसओ १००च्या वर गेलं की फोटो खराब होतो’ हे कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं असतं. ग्रेन (दाणेदारपणा) येईल, मान्य. पण ग्रेन सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी होतं, छापला तर जवळजवळ दिसतही नाही. हललेला फोटो मात्र कोणतंही सॉफ्टवेअर धड दुरुस्त करत नाही. दोन्हींतून एक निवडायचंच असेल तर मी डोळे झाकून ग्रेन निवडतो.

उपाय एकदाच सेटिंगमध्ये करून ठेवण्याचा आहे. ऑटो आयएसओ चालू करा आणि त्याच मेनूत ‘किमान शटर स्पीड’ असेल तर तो ठरवून द्या. पक्ष्यांसाठी १/५००, इतर वेळी १/१२५. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय नसते. तिथे मोडची चकती शटर प्रायॉरिटीवर आणा, निकॉन-सोनीवर ‘एस’ आणि कॅननवर ‘टीव्ही’. शटर तुम्ही ठरवा, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा. पूर्ण ऑटो, म्हणजे हिरवा मोड, मात्र आउटिंगला विसरा. तो कधी फ्लॅश उघडेल आणि समोरचा तांबट पक्षी उडून जाईल, सांगता येत नाही.

धरण्याची पद्धत हाही उपायच आहे आणि तो फुकट आहे. डावा तळहात लेन्सच्या खाली, बाजूला नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. मोबाइलसारखा कॅमेरा लांब धरून पडद्यात बघत काढू नका, डोळा व्ह्यूफाइंडरला (वरच्या छोट्या खिडकीला) लावला की चेहऱ्याचा तिसरा आधार मिळतो. श्वास सोडताना बटण हळू दाबा. आणि एकाच्या ऐवजी तीन-चार फोटोंचा बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) घ्या. पहिल्यात बटण दाबण्याचा झटका असतो, शेवटच्यात सोडण्याचा, मधला बऱ्याचदा वाचतो.

लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस लिहिलेलं) चालूच ठेवा. बटण अर्धं दाबल्यावर त्याला स्थिर व्हायला क्षणभर लागतो, तेवढा द्या. ते तुमच्या हाताचा थरथराट शोषतं. पक्ष्याच्या मानेचा नाही. १/६० ला फांदी शार्प आणि पक्षी पुसट असा फोटो आला की स्टॅबिलायझेशनने आपलं काम चोख केलंय असं समजायचं.

ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू राहिलं तर ते नसलेला थरथराट शोधत स्वतःच काच हलवत बसतं. लांब एक्सपोजरला ते बंद करा आणि २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का फोटोत जाणार नाही. पठारावर वाऱ्यात मधला दांडा वर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा फडफडत असेल तर तो काढून ठेवा किंवा ट्रायपॉडला गुंडाळा. एवढ्याशा पट्ट्याने काय होणार असं वाटतं, पण वाऱ्यात तो कॅमेऱ्याला सारखे हिसके देत असतो.

भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये नावेतून फ्लेमिंगो काढताना आणखी एक गंमत होते. आधार हवा म्हणून लोक लेन्स नावेच्या काठावर टेकवतात. नाव वल्हवत किंवा बांबूने ढकलत नेत असतील तर चालून जातं, पण इंजिन चालू असेल तर त्याची सगळी थरथर काठावाटे थेट लेन्समध्ये येते. नावाड्याला सांगून इंजिन बंद करून घ्या, किंवा लेन्स काठावरून उचला आणि कोपरं स्वतःच्या गुडघ्यांवर टेका. शरीर ती थरथर बरीच गिळतं.

समोरचं हलतंय

इथे ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन, श्वास, काहीच कामाचं नाही. फक्त शटर स्पीड. बसलेला पक्षीसुद्धा मान सतत झटक्याने फिरवतो, त्याला १/५०० हवा. उडणाऱ्याला १/१६००च्या पुढे. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतो, नाचणाऱ्या वारकऱ्याला १/५०० द्या, आणि रिंगणातल्या घोड्याला १/१०००च्या खाली हात लावू नका. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं तेव्हा आकाश बहुधा भरलेलं असतं, धूळ किंवा चिखल उडत असतो आणि माउलींचा अश्व डोळ्यांसमोरून जायला काही सेकंद लागतात. तेव्हा चकत्या फिरवत बसायला वेळ नसतो. शटर १/१०००, आयएसओ ऑटो, फोकस मोड कंटिन्युअस, म्हणजे हलत्या विषयामागे फोकस सतत बदलणारा (निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो) आणि बर्स्ट, हे सगळं घोडा यायच्या अर्धा तास आधी लावून तयार राहा. लोकांच्या खांद्याला खांदा लागत असतो, तो धक्काही १/१००० मध्येच गिळला जातो.

कासच्या फुलांचंही हेच. फुलं जागची हलत नाहीत म्हणून लोक शटरकडे बघतच नाहीत, पण सप्टेंबरात पठारावर वारा थांबत नाही आणि तेरडा सतत डोलत असतो. १/५०० लावा आणि झुळुकेच्या मधल्या शांत क्षणाची वाट बघा. डोलण्याच्या दोन्ही टोकांना फूल क्षणभर थबकतं, तेव्हा बटण.

याच दोषाचं तंत्र करायचं असेल तर शटर मुद्दाम १/३० वर आणा आणि पहाटे टेकडीच्या रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वाराबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवत फोटो घ्या. माणूस बऱ्यापैकी शार्प, मागची झाडं आडव्या पट्ट्या. याला पॅनिंग म्हणतात. भरपूर फोटो वाया जातात, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. फक्त काम झालं की शटर परत वर न्या, नाहीतर पुढचे सगळे पक्षी १/३० चे येतील.

फोकस भलतीकडे बसलाय

माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त इथे आहे, कारण इथे कॅमेरा तुमच्या वतीने निर्णय घेत असतो आणि तुम्हाला ते माहीतच नसतं.

नव्या कॅमेऱ्यात फोकसची जागा ‘ऑटो एरिया’वर असते. म्हणजे फ्रेममधल्या कशावर फोकस करायचा ते कॅमेरा ठरवतो, आणि त्याला सहसा जे जवळ आणि ठळक ते आवडतं. पाषाण तलावाच्या काठी खंड्या बसलाय, त्याच्या अलीकडे एक गवताची काडी उभी आहे. कॅमेरा काडी पकडतो. फोटोत त्या काडीवरचा कोळ्याचा धागासुद्धा मोजता येतो, आणि मागे एक सुंदर निळा डाग. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस आलाय, तो असेल तर चालू करा, मोठं काम करतो. नसेल तर एकच फोकस बिंदू निवडा (सिंगल पॉइंट) आणि तो डोळ्यावर ठेवा. माणूस असो, खंड्या असो की शेळी, जवळचा डोळा शार्प असेल तर बाकीचं थोडं मऊ गेलेलं कोणी विचारत नाही.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) मधला बिंदू सगळ्यांत भरवशाचा असतो. कमी उजेडात कडेचे बिंदू पुढे-मागे करत राहतात, मधला पटकन बसतो.

दुसरी भानगड डेप्थची, म्हणजे पुढे-मागे किती अंतर शार्प येतं त्याची. ५० मिलिमीटर एफ १.८ ही सगळ्यांची पहिली प्राइम (झूम नसलेली) लेन्स, आणि ती आली की प्रत्येक फोटो एफ १.८ वरच निघतो, मागचं छान विरघळतं म्हणून. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ही लेन्स १ मीटरवरून एफ १.८ ला वापरली तर शार्प पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो. भाचीच्या डोळ्यावर फोकस केला की नाकाचा शेंडा गेला. फोकस बसल्यानंतर तुम्ही नुसते श्वासाने पुढे झुकलात तरी ३ सेंटिमीटर संपतात. त्याच जागेवरून एफ ८ ला हा पट्टा १२ सेंटिमीटरपर्यंत जातो. किंवा एफ १.८ च ठेवा आणि २ मीटरवर जा, पट्टा जवळजवळ चौपट होतो. दोन माणसं शेजारी असतील तर एफ ४, गडावर ओळीने उभा राहिलेला अख्खा ग्रुप असेल तर एफ ८. कुणीतरी मागच्या ओळीत असतंच.

फुलांना हे आणखी छळतं. किट लेन्स ५५ वर लावून फुलाच्या अगदी जवळ गेलात की एफ ५.६ ला शार्प पट्टा जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतो. कासच्या गेंदाचा पांढरा गोंडा त्यात कसाबसा मावतो. सीतेच्या आसवांचा जांभळा ओठ शार्प आला तर देठ जातो. ॲपर्चर एफ ११ पर्यंत बंद करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या पसरटपणाला समांतर धरा. एका ओळीतली चार फुलं शार्प हवी असतील तर त्या ओळीसमोर सरळ बसा, तिरके नको. कुंपणाच्या आत जाऊन पालथं पडायचं नाही हे वेगळं सांगायला नको. तिथे बुटाखाली काय चिरडलं जातंय ते कळतही नाही इतकी ती रोपं लहान असतात.

जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. बहुतेक १८-५५ लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करू शकत नाहीत. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, आतल्या सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर आडव्या रेघेने छेदलेलं छोटं वर्तुळ असतं, तीच सेन्सरची जागा. लेन्स घरघरते, पुढे-मागे होते, बीप वाजत नाही, तेव्हा तुम्ही फार जवळ आहात. वीतभर मागे सरका.

निसर्गदृश्यात उलटी पंचाईत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अलीकडची सोनकी पण हवी आणि मागचा कडाही. अनंतावर फोकस केला की फुलं गेली, फुलावर केला की कडा पुसट. इथे हायपरफोकल अंतर कामाला येतं. एपीएस-सीवर १८ मिलिमीटर, एफ ८, फोकस २ मीटरवरच्या दगडावर. असं केलं की साधारण १ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. हा एक आकडा पाठ ठेवा, सह्याद्रीतल्या बहुतेक फोटोंना पुरतो. मग अजून शार्प हवं म्हणून एफ २२ वर जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि अख्खा फोटो किंचित मऊ होतो. एफ ८ ते एफ ११ च्या पुढे जायला काहीतरी कारण हवं.

आणि हो, लेन्सच्या बाजूचं एएफ-एमएफ बटण. सॅकमधून काढताना ते सरकतं. सकाळभर मॅन्युअलवर फोटो काढून लेन्सला शिव्या देणारे कमी नाहीत. तसंच व्ह्यूफाइंडरशेजारचं बारीक चाक. ते फिरलं की आत सगळं धूसर दिसतं, फोटो मात्र ठीक येतात. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. चष्मा काढून बघणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करायचं काम आहे.

काच आणि हवा

पावसाळ्यात कोकणात किंवा घाटात गेलात की हे हमखास. एसी गाडीतून उतरता, कॅमेरा बाहेर काढता आणि लेन्सवर क्षणात धुकं. काच थंड, बाहेरची हवा दमट, त्यातलं बाष्प काचेवर बसणारच. लोक लगेच रुमालाने पुसतात. समोरची काच स्वच्छ दिसते, अर्ध्या मिनिटात परत धुरकटते. मागच्या काचेवरचं धुकं तसंच असतं, आणि पुसायला म्हणून तिथेच लेन्स काढली तर थंड सेन्सरही दमट हवेत उघडा पडतो. मालवणच्या एसी खोलीतून पहाटे थेट किनाऱ्यावर गेलात तर सूर्योदय याच्यातच संपतो.

पुसत बसू नका. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवा आणि बॅगेसकट अर्धा तास आधी बाहेर काढा. एसीत असतानाच तो झिपलॉक पिशवीत बंद केला तर उत्तम, बाष्प पिशवीच्या बाहेरून बसतं. गाडीत असाल तर पोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा. घरच्यांची कुरकुर होईल.

दुधाळपणा कोरड्या हवेतही असेल तर लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी बॅगेत भरून कपाटात ठेवला की ही भेट मिळते. ती साफ करायचं काम घरी करू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. न व्हावी म्हणून धान्याचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून परत कोरडे करायचे.

लेन्सच्या तोंडावर लावायची स्वस्त काच, म्हणजे यूव्ही फिल्टर, हाही दुधाळपणाचा मोठा धनी. सूर्यासमोर किंवा रात्री दिव्यांसमोर फोटो धुवट येत असतील तर एकदा फिल्टर काढून तोच फोटो घ्या, लगेच कळतं.

हवेवर मात्र इलाज नाही. मार्चच्या दुपारी सिंहगडावरून राजगड-तोरणा पुसट दिसतात ते धूळ आणि धुरक्यामुळे. पोलरायझर फिल्टर थोडी मदत करतो, एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, एवढंच. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर परत जा. लांबच्या लेन्सला तापलेल्या जमिनीवरची हवा आणखी छळते. भिगवणला दहा-अकरानंतर दूरच्या फ्लेमिंगोंचे पाय पाण्यावर वाकडेतिकडे, वितळल्यासारखे येतात. एक फोटो शार्प, पुढचा मऊ, सेटिंग तेच. तो लेन्सचा दोष नाही, तिथे उन्हाच्या आधी पोचणं आणि पक्ष्याच्या जवळ नाव नेणं (त्यांना न उडवता) एवढंच हातात असतं.

मोबाइलवर पाठवला की बिघडतो

लॅपटॉपवर ठीक, पण ग्रुपवर टाकला की चिखल? मग कॅमेऱ्याचा काही संबंधच नाही. व्हॉट्सॲप फोटो लहान करून आणि दाबून पाठवतं, त्यात पिसं आणि गवत पहिलं जातं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पाठवताना एचडीचा पर्याय निवडा. आणि फोटो मोबाइलनेच काढले असतील तर आधी मागची काच शर्टाला पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एवढं करूनही मऊच?

आता लेन्सवर संशय घ्यायला हरकत नाही, पण चाचणी करून. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, समोर टेबलावर वर्तमानपत्राचं पान ४५ अंशांत तिरकं टेका, उजेड भरपूर घ्या. ॲपर्चर पूर्ण उघडं, २ सेकंदांचा टायमर, आणि मधल्या एका ठळक ओळीवर फोकस. डीएसएलआर असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, दुसरा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. दोन्ही तीन-तीन वेळा, दर वेळी फोकस रिंग मुद्दाम फिरवून परत बसवायचा.

लाइव्ह व्ह्यूत निवडलेली ओळ शार्प आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दर वेळी तिच्या वरची किंवा खालचीच ओळ शार्प येत असेल, तर फोकस पुढे-मागे बसतोय. महागड्या बॉडीत ‘एएफ फाइन ट्यून’ किंवा ‘मायक्रो ॲडजस्टमेंट’ असतं, त्यात तो जुळवता येतो. नसेल तर सर्व्हिस सेंटर. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरूनच होतो, तिथे हा रोग सहसा नसतो. दोन्ही पद्धतींत डावी कड शार्प आणि उजवी मऊ असं येत असेल तर आधी कागद कॅमेऱ्याला समांतर भिंतीवर चिकटवून तेच बघा. तरीही एकच बाजू मऊ राहिली तर आतली काच सरकलेली असू शकते, लेन्स कधीतरी पडलेली असेल तर जास्तच.

सर्व्हिस सेंटरला जाताना लेन्सबरोबर कॅमेराही न्या आणि हे चाचणीचे फोटो मूळ फाइलमध्येच, पेनड्राइव्हवर घेऊन जा. ‘फोटो शार्प येत नाही’ एवढंच सांगितलं तर काउंटरवरचा माणूस समोरच्या भिंतीचा एक फोटो काढून ‘ठीक आहे’ म्हणतो आणि तुम्हाला परत पाठवतो. वर्तमानपत्राचे फोटो समोर ठेवले की तक्रार लिहून घ्यावी लागते.